फुलीवरची जागा

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की हंगाम आला असं समजायचं. बाभळीला कापूस लागत नाही, हे तुम्हांला सांगायला हवं, कारण तुम्ही तिकडे वाढलात. घाटंजीच्या बाजाराकडे भरलेल्या गाड्या जातात, वरची ताडपत्री कुणी धड बांधत नाही, आणि वाटेवरच्या काट्यांत पांढरे पुंजके अडकत राहतात. ते कुणी काढायला जात नाही. धुळीने मळत मळत ते पुढच्या पावसापर्यंत तिथेच असतात.

आज सकाळी फाटकाशी उभी राहून मी ते मोबाइलमध्ये टिपायला गेले. पडद्यावर त्या चार रेघा उमटल्या, दोन उभ्या आणि दोन आडव्या. मोबाइल घेतला त्याच दिवशी मी त्या सुरू करून घेतल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, या रेघा मधे मधे येतात, काढून टाकू का?" म्हटलं, राहू दे. माझी त्यांच्याशी जुनी ओळख आहे.

ती ओळख एका हंगामातली. इरा, तू तेव्हा चारएक वर्षांची होतीस. निशांत, तू नव्हतासच. तुमचे आबा जाऊन वर्ष व्हायचं होतं. तुमच्या बाबांना तिकडचे कागद पुरे झाल्याशिवाय कॅनडा सोडता येत नव्हतं. ते आबांच्या वेळीही येऊ शकले नव्हते. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी ओळखीच्या एका माणसाबरोबर डिजिटल कॅमेरा पाठवला आणि फोनवर म्हणाले, "आई, तू फोटो काढून पाठवत जा. इरा तुझा चेहरा विसरायला नको."

फोन ठेवला. मग चष्मा पुसला आणि कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलेलं. पुस्तक हाती आलं की पेन्सिल आपोआप येते. पहिल्या पानापासून वाचलं, अधोरेखित केलं. घरात दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे कठीण वाक्यं मोठ्याने वाचली तरी चालत होतं.

*

शेत आपलं, आणि कसायचे यमुना आणि तिचा नवरा, बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर. माझ्याहून यमुना बरीच लहान. हिरवं लुगडं, मनगटाच्या वर गोंदलेला मोर आणि सतत चालणारं तोंड. आबा गेल्यावर माझ्याकडे ज्या बायका आल्या त्या हळू बोलत आणि लवकर उठत. यमुना मोठ्याने बोले आणि बसून राही.

पहिल्या वेचणीआधी बायका शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुंध्याशी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा आणि झाडांवर दही शिंपडायचं. बोंडं फुटून पांढरी झालेली असतात, त्यावर दही पडतं ते दिसतही नाही. मी कॅमेरा घेऊन गेले. उन्हात पडदा दिसेना, म्हणून डोक्यावरून पदर पुढे ओढून त्याच्या सावलीत बघायला लागले.

"मॅडमबाई कोनापासून पदर घेऊन राह्यल्या व?" वच्छलाबाईने विचारलं. ती वेचणाऱ्यांतली सगळ्यांत वयस्क. "तिथं तं सीतामाय हाय, सासरा नाई!"

सगळ्या हसल्या. मी बटण दाबलं. तेव्हा सगळं कॅमेऱ्यावरच सोपवलेलं होतं, ऑटोवर. फोटो बघायला त्या माझ्याभोवती जमल्या.

"हा कापूस भिजला कवा?" वच्छलाबाई म्हणाली.

कापूस खरोखर राखाडी आला होता. आमच्याकडे तसा रंग म्हणजे पाऊस लागलेला माल, बाजारात ज्याच्याकडे बघून लोक पुढे जातात. आणि बायकांचे चेहरे काळे ठिक्कर. डोळे कुठे, नाक कुठे, कळत नव्हतं.

"दही पांढरं नाई, भात पांढरा नाई," यमुना म्हणाली, "अन् आपन तं तव्याच्या बुडावानी. मॅडमबाई, याले परत करा जी तुमच्या पोराले."

परत करण्याआधी मी पुस्तक पुन्हा काढलं. कारण त्यातच होतं. कॅमेऱ्याचा समज असा, की जग सरासरीने राखाडी आहे. त्याला नुसतं पांढरं दाखवलं, की हे फार झालं असं समजून तो ते खाली ओढतो, राखाडीपर्यंत आणतो. आणि त्या ओढण्यात जे आधीच सावळं असतं ते अंधारात जातं. त्याला बिचाऱ्याला कापसाचं शेत कुणी सांगितलंच नव्हतं. ते आपण सांगायचं. वरची गोल चकती फिरवून एम या अक्षरावर आणायची, म्हणजे कारभार आपल्या हाती. झडप किती वेळ उघडी ठेवायची, खिडकी किती मोठी करायची, दोन्ही आपण ठरवायचं. खाली एक लहानसा काटा असतो. तो मध्यावर आला की कॅमेऱ्याच्या मते सगळं बरोबर. कापसात मात्र तो मध्याच्या उजवीकडे गेलेला बरा, हे मला दिवाळीपर्यंत कळलं. काटा चूक दाखवत असताना बटण दाबायला माझा हात किती दिवस धजेना! माझा जन्म चुका लाल शाईने सुधारण्यात गेलेला.

*

कर्जापायी शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत आमच्या भागात कॅमेऱ्याचा एकच अर्थ होता. गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं जीपमधून यायची, पानठेल्यावर उतरून विचारायची, कुठलं घर? लोक हात करून दाखवायचे. त्यामुळे मी पिशवीतून कॅमेरा काढून रस्त्याने चालले की ओळखीच्या बायका दारातून खालच्या आवाजात विचारत, "कोनाच्या घरी गेलत्या मॅडमबाई?" मी सांगे, कुणाच्या नाही, सहज. त्यांचा विश्वास बसत नसे. दार लोटलं जाई.

म्हणून सुरुवातीला माझ्या फोटोंत माणसं नव्हती. विहीर होती, कडुलिंब होता, अंगणातली आबांची खुर्ची होती. पुस्तकात सांगितलं होतं, महत्त्वाची वस्तू मधोमध ठेवू नका. पडद्यावर रेघा आणा. त्या चार ठिकाणी एकमेकींना छेदतात, त्यातल्या एका ठिकाणी वस्तू ठेवा, बाकी जागा मोकळी सोडा. मी तंतोतंत तसं केलं. दर रविवारी गावातल्या सायबर कॅफेत जाऊन ते पाठवायची. इंटरनेट इतकं हळू की फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरायचा, आधी आभाळ, मग झाड, मग जमीन. मी खुर्चीत बसून जमीन येण्याची वाट बघे.

एका रविवारी फोनवर इराने विचारलं, "आजी, तिथे कोण येणार आहे?"

"कुठे गं?"

"फोटोत. तू जागा ठेवली आहेस ना!"

मी म्हटलं, तशी पद्धत असते. फोन ठेवल्यावर मी ते सगळे फोटो कॅमेऱ्यात पुन्हा पाहिले. विहीर उजवीकडे, कडुलिंब उजवीकडे, खुर्ची उजवीकडे. मोकळी जागा प्रत्येक वेळी डावीकडेच. आमच्या लग्नापासूनच्या एकूण एक फोटोत मी उजवीकडे आहे. डावीकडे आबा उभे राहायचे.

*

मग मी यमुनेला विचारलं, माझ्यासाठी फोटोत उभी राहशील का? ती तयार होती. तिला शेतातल्या खोपडीच्या दारात उभं राहायला सांगितलं. तिथे ऊन थेट येत नव्हतं, चेहरा छान उमटला असता.

"दारात नाई," ती म्हणाली.

"अगं, तिथे उजेड चांगला आहे."

"हेच म्हने ते बी." ती ओटीतला कापूस चाचपत राहिली. वेचताना कमरेला बांधतात त्या कापडाला ओटी म्हणतात. "माही नणंद झरीकडं दिली हाय. तिचा घरवाला गेला तवा आलते फोटोवाले. उजेड चांगला हाय म्हनत अन् तिले दारात बसवत. मांडीवर त्याचा फोटो देल्ला. खाली पाहा म्हने. हसू नको म्हने. ते कायले हसते जी तवा? अन् फोटो काढनारा बाहीरच राह्यते. रडनारा आतमधी."

  त्या दिवसापासून एवढं ठरलं, की दारात कुणाला बसवायचं नाही. उघड्यावर उभं राहायचं आणि हसायचं. ही अट यमुनेची. आणि ती हसली की काटा, झडप, खिडकी सगळं सोडून तिच्याकडेच बघत राहावंसं वाटे.

ती हिवाळाभर माझ्या फोटोंत उभी राहिली. पऱ्हाट्यांत, विहिरीवर, तुरीच्या पिवळ्या फुलांपाशी. तिच्या चेहऱ्यावरून मी उजेड मोजायला शिकले. चेहरा बरोबर आला की कापूस इतका पांढरा होई की त्यात बोंड वेगळं दिसत नसे. कापूस बरोबर आला की चेहरा बुडे. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. मी चेहरा निवडला. घरी परतल्यावर कॅमेरा टेबलावर ठेवायचा, एकटीपुरती भाकरी टाकायची आणि जेवताना दिवसभराचे फोटो बघायचे, असा माझा क्रम झाला. समोर कुणीतरी हसत असल्यासारखं होई.

संक्रांत झाली आणि इरा फोनवर म्हणाली, "आजी, मला पण तुझ्यासारखा हातावर पक्षी हवा."

"कुठला पक्षी?"

"तुझ्या हातावरचा. आणि तुझी हिरवी साडी मला खूप आवडते. आई विचारते, तू कधी येणार. आलीस की मी तुला लगेच ओळखेन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे तुमच्या आईचा आवाज येत होता, कुणालातरी काहीतरी ओव्हनमधून काढायला सांगत होती. मला म्हणायचं होतं, अगं, ती मी नाही. पण तुझा आवाज इतका आनंदात होता. मी विचारलं, जेवलीस का?

*

दुसऱ्या दिवशी यमुनेला सांगितलं, तर ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अवं माय! म्हंजे मी कॅनडाची आजी झाली का! ना तिकीट ना काही! वच्छलाबाई, ऐकलं का व, मले आता इंग्रजी शिका लागते!" मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती पदराने डोळे पुसत उठली.

"मॅडमबाई, एवढे फोटो काढले. तुमचा एक बी नाई?"

"टायमर लावून पाहिला. धावत जागेवर पोचेपर्यंत फोटो निघून जातो. पाठ येते नाहीतर पदर."

"मंग मी काहून हाय? उलंगवाडीले काढू. मी दाबते."

उलंगवाडी म्हणजे कापसाचा हंगाम संपणं. शेवटची वेचणी होते, मग शेत गुरांना मोकळं करतात. त्या दिवशी बंडीत शेवटचा कापूस भरत होते. बंडी म्हणजे बैलगाडी. मी यमुनेला माझ्या जागी जमिनीवर बसवलं, तिच्या चेहऱ्यावर उजेड मोजला, सगळे आकडे बसवले आणि कॅमेरा तिच्या हाती दिला. पदर डोक्यावरून ओढून ती पडद्यात डोकावली.

"हे रेघा कायच्या?"

मी पुस्तकातलं सांगितलं. जिथे रेघा छेदतात तिथे माणूस ठेवायचा.

"असं म्हना ना, चौफुली हाय!" तिला आनंद झाला. आमच्याकडे पेरताना शेतात आडव्या-उभ्या रेघा ओढतात आणि जिथे फुली पडते तिथे सरकी, म्हणजे कापसाचं बी, डोबतात. एखाद्या फुलीवर उगवलं नाही की तिथे नांगा पडला म्हणतात, आणि पाऊस आहे तोवर फिरून बी टाकून तो भरतात. यमुनेचं अर्धं आयुष्य नांगे भरण्यात गेलेलं. तिने पुन्हा पडद्यात पाहिलं. "पन एकाच फुलीवर तुमी. बाकीच्या तीन? नांगेच नांगे!"

"मोकळ्या सोडतात त्या. तशीच रीत आहे."

"कोनाची रीत? वच्छलाबाई, बंडीवर चढा! अन् सूनबाईले घ्या संग, त्या कोन्यावर!"

वच्छलाबाई कुरकुरत चढली. "मी पडली तं तुही फुली तुह्या कपाळावर काढीन!" सून हसून हसून वाकली, तिला सरळ करावं लागलं. थोडं डावीकडे, थोडं वर, नाही नाही खाली. बैल हलले. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी खाली कापसाच्या शेवटच्या ढिगाशी बसले होते. यमुनेने मला डावीकडच्या फुलीवर बसवलं होतं. ती आबांची बाजू. मी तिथेच बसून राहिले. उजवीकडची खालची फुली रिकामी होती.

"ती माही," यमुना पदराखालून म्हणाली. "हसा आता!"

बटणाचा आवाज आला.

या सगळ्यात सूर्य सागवानाच्या टेकडीमागे गेला होता, ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. ऑटो असता तर त्याने सांभाळून घेतलं असतं. एमचं तसं नसतं. त्याला एकदा सांगितलेलं तो धरून बसतो. मी भर उन्हातल्या यमुनेच्या चेहऱ्याचं माप दिलं होतं, आणि ते त्याने संध्याकाळी इमानाने वापरलं. फोटो काळा आला. बंडीची कड, कापसाचा करडा ढीग आणि माणसांच्या जागी माणसांएवढा काळोख.

पुन्हा काढायला उजेड उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी शेतात गुरं सोडली. त्याच आठवड्यात यमुना आणि तिचा नवरा नेरला निघून गेले. तिचा मुलगा तिकडे कामाला लागला होता, आणि शेत पुढच्या साली दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले. जाताना ती माझ्या घरी आली, चहा प्याली आणि पहिल्यांदाच हळू बोलली आणि लवकर उठली.

मी तो काळा फोटो तसाच पाठवला. रविवारी इराने विचारलं, "यात तू कुठली?"

"डावीकडची. खाली बसलेली."

"दिसत नाही. आणि हिरवी आजी?"

"ती फोटो काढते आहे."

"म्हणजे ती जागा तिची आहे," तू म्हणालीस, आणि रडू लागलीस. तुला हिरवी आजी हवी होती. तुमच्या बाबांनी घाईने फोन घेतला आणि हवापाण्याचं विचारलं.

नंतर मी बाजारातल्या स्टुडिओत जाऊन रीतसर फोटो काढून पाठवला. दोन्ही कान दिसत होते. ही आजी रागावली आहे, असं तुझं मत पडल्याचं कळलं. पुढे कागद पुरे झाले, तुम्ही आलात. नागपूरच्या विमानतळावर तू माझ्याजवळ आलीस, शहाण्यासारखी पाया पडलीस, आणि मग माझी बाही हळूच वर सारून मनगट पाहिलंस. तुला वाटलं, मला कळलं नाही.

*

गेल्या आठवड्यात इराने एक फोटो पाठवला. बाबांच्या जुन्या संगणकात तिला तो काळा फोटो सापडला, आणि तिने तो उजळला. तिने लिहिलं आहे, की फार पांढरं झालेलं परत आणता येत नाही, तिथे काही उरलेलंच नसतं. पण अंधारात बरंच काही शिल्लक असतं, ते ओढून वर आणता येतं. माझ्या पुस्तकात हे नव्हतं. किंवा असेल, मी त्या पानापर्यंत पोचले नसेन.

फोटोवर बारीक दाणे आले आहेत, सगळ्यांवर सरकी सांडल्यासारखे. वच्छलाबाई बंडीवर तोंड वासून ओरडते आहे. ती जाऊन आता किती काळ झाला. तिची सून वाकलेली. आणि खाली डावीकडे, ढिगाशी, एक बाई हसते आहे. कान दिसत नाहीत. पदर घसरलेला आहे. मी तो हंगाम सगळा एकटीने काढला अशी माझी आठवण आहे, आणि ती खोटी नाही. पण ही बाई हसते आहे, कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या वर, जिथे यमुनेचं तोंड असणार तिथे बघून. खाली इराने लिहिलं होतं, "आजी, ही तू. आता मला कुठेही ओळखू येशील."

मी नेरला फोन लावला. यमुनेला आता दिसत नाही. नातीने फोन तिच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं, कोण कुठल्या फुलीवर आहे, वच्छलाबाईचं तोंड कसं आलं आहे. ती हसली, तो आवाज अजून तसाच आहे.

"अन् माही जागा?"

"रिकामीच आहे गं."

"राहू द्या," ती म्हणाली. "कोनी आलं तं उभं राहील."

आपल्या शेताची पहिली वेचणी यंदा उशिरा, पुढच्या आठवड्यात सीतादही आहे. शेत कसणारे नवे आहेत, बंडीऐवजी ट्रॅक्टर आहे. जुना कॅमेरा अजून चालतो. मी बॅटरी चार्जिंगला लावली आहे.